जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

२०२५ सालच्या जून महिन्यांत शाळा उघडून आठ-दहा दिवसहि झाले नव्हते, तोंच आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले. किन्हवलीपासून थोड्या अंतरावरील एका पाड्यांत त्यांची भातशेती आहे. मुलगी त्या वर्षीं दहावींत गेली होती. घरीं २०१४ सालीं घेतलेला एक टेबलावरचा संगणक होता व तो फारच मंद झाला होता. मुलीनें त्याची कळ दाबावी, विहिरीवरून हंडा भरून आणावा, आणि तरीहि पडद्यावरचें चक्र आपलें फिरतच असावें, अशी त्याची अवस्था. "सर, दुकानदार म्हणतो, हा आतां निकामी झाला, नवाच घ्या. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठीं भाताचे पैसे बाजूला ठेवले आहेत, त्यांतून घेऊं काय?" असें त्यांनीं विचारलें.

मीं त्यांस आठ दिवस थांबावयास सांगितलें. त्या आठ दिवसांत आम्हीं काय पाहिलें व काय केलें, आणि त्यापूर्वीं माझ्या स्वतःच्या संगणकाच्या बाबतींत मी कोणती चूक करून बसलों होतों, हें सांगितल्यास इतर पालकांस उपयोग होईल व विद्यार्थ्यांस एका नित्याच्या यंत्राची आंतून ओळख होईल, म्हणून हा लेख लिहीत आहें.

१. पेटीच्या आंत काय असतें

संगणक ही एक अखंड वस्तु नव्हे. पेटीच्या मागील बाजूचे दोन स्क्रू काढून झांकण सरकविलें, कीं आंत एक मोठी पाटी दिसते. तिला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, रॅम, डिस्क व वीज पुरविणारा एसएमपीएस हे भाग या पाटीवर बसविलेले किंवा तारांनीं तिला जोडलेले असतात. मोबाईलमध्यें बहुतेक भाग कायमचे डागलेले असतात. टेबलावरच्या संगणकांत ते सुटे होतात. एक भाग थकला म्हणून सर्व यंत्र टाकण्याचें कारण नाहीं, तें यामुळेंच.

या भागांचें परस्परांशीं नातें काय, हें शहापूर-मुरबाडकडील मुलांस खळ्यावरच्या दृष्टान्तानें चटकन् कळेल. भात कापून त्याचे भारे शेतांत रचून ठेवतात, ती उडवी. तेथून भारे खळ्यावर आणतात आणि गडी त्यांची झोडणी करितात. संगणकांत डिस्क ही उडवी होय; सर्व माहिती तेथें साठवलेली असते. रॅम हें खळें. ज्या माहितीवर आतां काम चालूं आहे तेवढी तेथें आणून पसरावयाची. प्रोसेसर म्हणजे काम करणारे गडी. संध्याकाळीं खळें झाडून टाकावें, त्याप्रमाणें वीज बंद होतांच रॅममधील सर्व पुसलें जातें. डिस्कवरचें मात्र तसेंच राहतें.

आतां असें समजा कीं, गडी धट्टेकट्टे आहेत, परंतु उडवी दूर आहे व वाट चिखलाची आहे. भारा येईपर्यंत गडी हात बांधून बसतील. अशा वेळीं आणखी चार गडी लावले, तर मजुरी वाढेल. काम वाढणार नाहीं. किंवा खळेंच इतकें लहान आहे कीं, दोन भाऱ्यांवर तिसरा मावत नाहीं. मग निम्मा दिवस भारे आणण्यांत व परत नेण्यांत जाईल. संगणक मंद झाला, तर काम नेमकें कोठें अडतें तें आधीं शोधावें व पैसा तेथेंच घालावा, एवढाच या लेखाचा सारांश आहे. बाकीचा सर्व त्याचा विस्तार समजावा.

आणि "निकामी" हा शब्द किती जपून वापरावा, हें एका आंकड्यावरून दिसेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला टिफ्रॅक नांवाचा संगणक १९६० सालीं चालूं झाला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या व त्याच्या स्मृतींत प्रत्येकीं ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आठ बिटांचा एक बाइट धरल्यास हे १०,२४० बाइट झाले. आमच्या विद्यार्थिनीच्या संगणकांतील चार जीबीची एकच रॅमची पट्टी याच्या सुमारें ४ लक्ष १९ हजार पट होती! ज्या यंत्रावर देशांतील शास्त्रज्ञांनीं गणितें सोडविलीं, त्याच्याहून इतकें मोठें खळें ज्याच्या पोटांत आहे, तो संगणक एका मुलीचा दहावीचा अभ्यास करून देऊं शकत नसेल, तर दोष कोठें तरी एके ठिकाणीं असला पाहिजे.

२. दुखणें कसें ओळखावें

वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. संगणकाची नाडी पाहण्याची सोय संगणकांतच आहे. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, म्हणजे टास्क मॅनेजर नांवाची चौकट उघडते. तींत प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, आणि डिस्क हे भाग शेंकडा किती गुंतले आहेत, तें क्षणोक्षणीं दिसतें. नेहमींचें काम करीत असतां दहा मिनिटें हे आंकडे पाहावे व वहींत टिपून ठेवावे. त्याबरोबरच कळ दाबल्यापासून संगणक कामास तयार होईपर्यंत किती वेळ लागतो, तोहि घड्याळ लावून लिहावा.

डिस्कचा आंकडा सारखा शंभराजवळ व प्रोसेसरचा मात्र वीस-पंचवीस, असें दिसल्यास वाट चिखलाची आहे असें समजावें. रॅमचा आंकडा नव्वदाच्या आसपास राहत असेल, तर खळें अपुरें आहे. येथें एक फसगत होण्याचा संभव असतो. रॅम भरली, कीं संगणक डिस्कचाच कांहीं भाग खळ्यासारखा वापरूं लागतो. त्यामुळें रॅम व डिस्क या दोहोंचे आंकडे एकदम चढलेले दिसले, तर मूळ दोष रॅमचा असूं शकतो. प्रोसेसरच शंभरावर असेल, तर कोणता कार्यक्रम त्यास राबवीत आहे, तें त्याच चौकटींत पाहावें. पुष्कळदां कोणी तरी नकळत घातलेला निरुपयोगी कार्यक्रमच निघतो.

खरेदीपूर्वीं दोन बिनखर्चाचीं औषधें अवश्य करून पाहावीं. पहिलें स्वच्छतेचें. आपल्याकडे उन्हाळ्यांत धूळ व पावसाळ्यांत ओल. शिवाय झुरळें व पाली यांस ही उबदार पेटी फार आवडते. प्रोसेसरवरील पंख्यांत धुळीचा थर बसला, कीं उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच्या रक्षणार्थ आपली गति आपण होऊन कमी करितो. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. त्या वेळीं पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. दुसरें औषध म्हणजे, संगणक सुरू होतांच जे अनावश्यक कार्यक्रम आपोआप उघडतात, ते बंद करणें. आणि दर वेळीं घड्याळ व तारीख चुकत असेल, तर तो मोठा रोग नव्हे. मदरबोर्डावरील 'सीआर २०३२' नांवाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानांत तो मिळतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या संगणकाचें निदान असें झालें : सुरू होण्यास ४ मिनिटें २० सेकंद, प्रोसेसर वीसाच्या आंत, रॅम ७८, आणि डिस्क सतत १००. गडी बसून होते!

३. कोणता भाग, केव्हां

डिस्क. जुन्या हार्ड डिस्कमध्यें धातूचा मुलामा दिलेल्या चकत्या फिरत असतात. टेबलावरच्या संगणकांतील चकती बहुधा मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो. व तें टोंक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. हा वेळ आपणांस क्षुल्लक वाटतो. परंतु इतस्ततः पसरलेले हजारों बारीक तुकडे वाचावयाचे असले, कीं सेकंदांचीं मिनिटें होतात. एसएसडी या नव्या प्रकारांत फिरणारा भागच नसतो. माहिती विद्युतभाराच्या रूपानें अर्धवाहकांत साठवलेली असते व तिचा कोणताहि तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागांत किंवा त्याहूनहि लवकर हातीं येतो. अडीच इंची साटा जातीची एसएसडी २०१४ च्या सुमाराच्या संगणकांत सहज बसते. नव्या मदरबोर्डांवर एम-टू नांवाची वेगळी खांचहि असते. जुनी डिस्क सुस्थितींत असल्यास फोटो वगैरे ठेवण्यास तशीच राहूं द्यावी.

रॅम. येथेंच माझी चूक झाली होती. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या घरच्या संगणकासाठीं मी आसनगांवहून लोकल धरून दादरला गेलों, गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलों, आणि लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांत "चार जीबीची रॅम द्या" एवढेंच सांगून पट्टी घेऊन आलों. घरीं येऊन पाहतों तों ती खांचेंत बसेना. रॅमच्या पिढ्या असतात, हें मला ठाऊक नव्हतें. डीडीआर ३ च्या पट्टीस २४० पिना, तर डीडीआर ४ व डीडीआर ५ यांस २८८ असतात. प्रत्येकीचा विद्युतदाबहि निराळा. एकीच्या जागीं दुसरी बसूं नये म्हणून पट्टीच्या कडेवरील खांच प्रत्येक पिढींत वेगळ्या ठिकाणीं ठेवलेली असते. मीं थोडा जोर केला असता, तर पट्टी व मदरबोर्ड दोन्ही गमावून बसलों असतों. एका वाक्याच्या चौकशीअभावीं दुसऱ्या फेरीचा दिवस व भाडें गेलें. तेव्हां जुनी पट्टी काढून बरोबर न्यावी, अथवा तिच्यावरील कागदाचें छायाचित्र घ्यावें. किती खांचा रिकाम्या आहेत, तें टास्क मॅनेजरमध्यें मेमरीच्या पानावर दिसतें. दोन सारख्या पट्ट्या जोडीनें बसविल्यास काम अधिक जलद होतें. आणि प्रणाली ३२ बिटांची असेल, तर तिला साधारणतः चार जीबीच्या पलीकडची रॅम वापरतां येत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

प्रोसेसर. हा बदलण्याचा मोह सर्वांस होतो, पण घरगुती कामांत त्याची गरज क्वचित् लागते. मदरबोर्डावरील ज्या बैठकींत तो बसतो, तिच्या जातीचाच प्रोसेसर लागतो. नव्या पिढीचा हवा असल्यास बहुधा मदरबोर्ड व रॅम हीं दोन्ही बदलावीं लागतात. तें जवळजवळ नवा संगणक घेण्यासारखेंच होय.

एसएमपीएस. ही पेटी २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ व ३.३ व्होल्ट दाबाची करून देते. खेळांसाठीं किंवा चित्रकामासाठीं वेगळें ग्राफिक्स कार्ड बसवावयाचें असेल, तर ही पेटी तितका भार सोसेल कीं नाहीं, तें आधीं पाहावें. ती पेटी स्वतः मात्र कधींहि उघडूं नये. तार काढून ठेवली तरी तिच्या आंतील धारित्रांत वीज सांठून राहते व तिचा धक्का जीवावर बेतूं शकतो. विद्यार्थ्यांनों, ही सूचना विनोदानें घेऊं नका.

४. प्रत्यक्ष काम

आधीं फोटो, कागदपत्रें व अभ्यासाच्या नोंदी पेन-ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्याव्या, व त्या उघडतात कीं नाहीं तें पाहून मगच पुढें जावें. नंतर संगणक बंद करून तार भिंतींतून काढावी व सुरू करण्याची कळ एक-दोन वेळां दाबावी, म्हणजे राहिलेली वीज निघून जाईल. कोरड्या हवेंत आपल्या अंगावर स्थिर विद्युत् सांचते. तिची ठिणगी डोळ्यांस दिसली नाहीं तरी नाजूक भाग जाळूं शकते. म्हणून प्लास्टिकच्या चटईवर उभें राहूं नये व कामाच्या आधीं आणि मधून मधून पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. रॅमची पट्टी कडेनें धरावी. सोनेरी टोंकांस बोट लावूं नये. खांच जुळवून दोन्ही टोंकें सारखीं दाबलीं, कीं बाजूच्या खिट्ट्या "टक्" असा आवाज करून बसतात. बसत नसेल तर जोर करूं नये. कांहीं तरी चुकलें आहे असें समजावें. कोणती तार कोठून काढली, त्याचें आधींच छायाचित्र घेतलें असल्यास परत जोडतांना धांदल उडत नाहीं.

काम झाल्यावर रक्षणाचाहि विचार करावा. आपल्याकडे पावसाळ्यांत वीज एका तासांत तीन वेळां जाते व येते. तीन पिनांच्या जोडणीस खरी अर्थिंग आहे कीं नाहीं, तें तारतंत्र्याकडून एकदां तपासून घ्यावें. शक्य असल्यास लहानसा यूपीएस ठेवावा. ढग गडगडूं लागले, कीं संगणकाची तार आणि त्याबरोबर इंटरनेटचीहि तार काढून ठेवावी.

५. कोठें थांबावें

प्रत्येक जुनें यंत्र वांचवावें असें मी म्हणत नाहीं. मदरबोर्डच जळला असेल, किंवा दोन-तीन भाग एकदम बदलावे लागत असतील, तर हिशेब करून नवा घेणें शहाणपणाचें. प्रणालीचाहि प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. आणि २०२१ सालीं निघालेल्या विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' नांवाची सुरक्षेची सोय व पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. २०१४ च्या संगणकांत हीं बसत नाहींत. पण म्हणून तो संगणक मेला असें नव्हे. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळतात, त्यांस सुधारणाहि वेळोवेळीं येतात, व त्यांवर मराठी लिहितां-वाचतां येतें. मात्र एखाद्या कामाला विशिष्ट विंडोज कार्यक्रमच लागत असेल, तर तो तेथें चालेल कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

भावाची चौकशीहि त्या त्या दिवशीं करावी. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव झपाट्यानें चढले. गेल्या वर्षींचा हिशेब यंदा लागू पडेलच असें नाहीं. जे भाग टाकावयाचे, ते उकिरड्यावर टाकूं नयेत व तांब्यासाठीं तारा जाळूंहि नयेत. त्या धुरांत विष असतें. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे गेला पाहिजे. देण्यापूर्वीं डिस्कवरील आपली खाजगी माहिती पुसून टाकावी.

६. शेवट काय झाला

आठव्या दिवशीं बापलेक संगणक घेऊन माझ्या घरीं आले. आम्हीं एक एसएसडी व चार जीबीची डीडीआर ३ पट्टी आणून ठेवली होती. या वेळीं जुन्या पट्टीचें छायाचित्र खिशांत होतें! झांकण मीं काढलें, बाकीचें सर्व मुलीनें आपल्या हातांनीं केलें. वडील शेजारीं कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून उभे होते. लिनक्स प्रणाली घालून झाल्यावर तिनें घड्याळ लावून कळ दाबली. ३८ सेकंद! दोन्ही भागांस मिळून अडीच हजार रुपयांच्या आंतच खर्च आला होता, आणि भाताचे पैसे जेथें होते तेथेंच राहिले. वडील जातांना एवढेंच म्हणाले, "सर, आम्ही बैल म्हातारा झाला म्हणून विकायला निघालों होतों; त्याच्या पायांत कांटा होता."

या वाक्याहून अधिक चांगला समारोप मला सुचत नाहीं. पालकांनीं खर्च करण्यापूर्वीं कांटा कोठें आहे तें पाहावें. आणि विद्यार्थ्यांनों, तुमचा अभ्यास अडला तरी हीच रीत. गणितांत मागें पडणारा मुलगा रात्रीं दोन तास अधिक जागतो, पण त्याचे पाढेच कच्चे असतात. तो गडी वाढवितो, वाट दुरुस्त करीत नाहीं. आधीं मोजा, मग शोधा, मग तेवढेंच बदला, आणि पुन्हां मोजा.

अभ्यास

१. एका डिस्कची चकती मिनिटास ५,४०० फेरे घेते. अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतील?

२. आठ जीबीची रॅम टिफ्रॅकच्या स्मृतीच्या सुमारें किती पट होईल?

३. एका संगणकांत प्रोसेसर १५, रॅम ९३ व डिस्क ९८ असे शेंकडा आंकडे आढळले. प्रथम कोणता भाग वाढवाल, व कां?

४. घरच्या किंवा शाळेच्या एका संगणकास सुरू होण्यास लागणारा वेळ तीन दिवस मोजा, सरासरी काढा, आणि काम कोठें अडतें त्याविषयीं दहा ओळी लिहा.